जुन्या मॅन्युअल कॅमेऱ्यात स्लाइड फिल्म: आधी कॅमेरा तपासा, मग रोल भरा

निगेटिव्ह रोलवर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त प्रकाश पडला तरी प्रिंट काढताना लॅब सांभाळून घेते. स्लाइडमध्ये अशी सोय नाही. कॅमेऱ्यात टिपली गेली तीच फिल्म शेवटचा फोटो असते. अर्धा-पाऊण स्टॉप जास्त झाला की ढग पांढरे फटक. म्हणून जुन्या कॅमेऱ्यात स्लाइड वापरायची तर निम्मं काम रोल भरण्याआधीच करावं लागतं.

सुरुवात शटरपासून. वंगण सुकतं, स्प्रिंग थकते आणि वरचे वेग मंदावतात. डायलवर १/१००० असताना प्रत्यक्षात १/६०० मिळणं अगदी नेहमीचं, म्हणजे पाऊण स्टॉप जास्त प्रकाश. फोनला जोडायचा प्रकाश-सेन्सर आणि शटरचा वेग मोजणारं अ‍ॅप मिळतं. त्याने प्रत्येक वेग चार-पाचदा मोजा, खरे आकडे चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी कॅमेऱ्याच्या तळाला चिकटवा. नुसत्या आवाजावरून मोजणाऱ्या अ‍ॅपवर वरच्या वेगांसाठी विसंबू नका. एखादा वेग दर वेळी सारखाच चुकत असेल तर अडचण नाही, तेवढं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, बंद करता येतं. दर वेळी वेगळा आकडा आला तर मात्र सर्व्हिसिंग होईपर्यंत तो वेग वापरूच नका.

मग प्रकाश मोजणारा मीटर. निकोरमॅट एफटीएन, कॅनन एफटीबी अशा कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले आहेत आणि ते सेल आता बंद झालेत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की काटा जास्त प्रकाश दाखवतो आणि स्लाइड काळपट येते. शिवाय सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते, त्यामुळे ठरावीक दुरुस्ती करता येत नाही. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रबरी रिंग लावून बसवा. त्याचं व्होल्टेज जवळ जवळ पाऱ्याच्या सेलइतकंच आणि स्थिर असतं. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरला ही अडचण नाही, त्याचं सर्किट व्होल्टेजच्या फरकाला दाद देत नाही. पेंटॅक्स के१००० मध्ये साधा एलआर४४ सेल चालतो, पण मीटरला स्विच नसल्याने कॅमेरा ठेवताना लेन्सला झाकण हवंच. झेनिट-ई कॅमेऱ्याचा सेलेनियम मीटर सेलशिवाय चालतो, पण वयोमानाने मंद झालेला असू शकतो. चांगल्या मीटरशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर स्लाइड काढू नका.

झेनिटबरोबर येणाऱ्या हेलिओस ४४-२ लेन्सला दोन रिंग असतात. एकीवर अ‍ॅपर्चर ठरवायचं, दुसरी फिरवून ते प्रत्यक्ष बंद करायचं. फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते आणि बटण दाबण्याआधी दुसरी रिंग फिरवायची राहून जाते. एफ/११ च्या (लहान छिद्र) जागी एफ/२ वर (पूर्ण उघडं) फोटो निघाला तर पाच स्टॉप जास्त, फ्रेम कोरी करकरीत. ‘फोकस, रिंग, बटण’ हा क्रम हाताला बसेपर्यंत मोकळ्या कॅमेऱ्यावर सराव करा.

लेन्समधून टॉर्चचा झोत आरपार टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधट पापुद्रा म्हणजे हेझ. दोन्हींमुळे स्लाइडमधला काळा रंग राखाडी पडतो. थोरियमची काच असलेल्या पेंटॅक्सच्या टाकुमार ५० मिमी एफ/१.४ लेन्स पिवळ्या पडतात आणि ती छटा स्लाइडवर जशीच्या तशी उतरते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवल्या की बऱ्याचशा निवळतात. उन्हात ठेवायच्या तर मागे अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा आणि नजर ठेवा, कारण एकवटलेल्या उन्हाने आग लागू शकते. जुन्या लेन्सचं कोटिंग कमी असतं, त्यामुळे हुड कायम लावलेला असू द्या.

आता मोजमाप. स्लाइडसाठी उजळ भाग सांभाळायचा आणि सावली जाईल तितकी जाऊ द्यायची. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम राखाडी मानतो. म्हणून ज्या पांढऱ्या भागात पोत दिसायला हवा, उदाहरणार्थ उन्हातली चुन्याची भिंत, तिच्याजवळ जाऊन फक्त तिचं रीडिंग घ्या आणि दीड स्टॉप उघडा. दोन स्टॉपपलीकडे गेलात तर पोत गेलाच समजा. हातातला इन्सिडेंट मीटर असेल तर विषयाशेजारी उभं राहून पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे धरा; हे सगळ्यांत भरवशाचं. मीटरच नसेल तर लख्ख उन्हात आयएसओ (फिल्मची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला १/१२५ आणि एफ/१६. जुन्या डायलवर आयएसओऐवजी डीआयएनचे आकडे असतील तर २१ म्हणजे आयएसओ १००, १८ म्हणजे ५०.

पहिला रोल चाचणीचाच. प्रत्येक दृश्य तीनदा घ्या: मीटर सांगेल तसं, अर्धा स्टॉप कमी, अर्धा स्टॉप जास्त. अर्ध्या स्टॉपचा फरक अ‍ॅपर्चरने करा, शटरने नाही. सगळं वहीत टिपा. कायम कमी प्रकाशाचीच फ्रेम सरस निघाली तर पुढच्या रोलला डायल १०० ऐवजी १२५ किंवा १६० वर ठेवा. वेल्विया ५० ही फुजीची स्लाइड फिल्म आयएसओ ४० वर वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. शटर आधीच मंद असेल तर तो पाळू नका.

फिल्म प्रकाश पाहून निवडा. वेल्विया रंग गडद करते आणि त्वचा लालसर दाखवते, तेव्हा माणसांसाठी फुजीची प्रोव्हिया १००एफ किंवा कोडॅकची एक्टाक्रोम ई१००. सप्टेंबरातल्या कास पठारावर, ढगाळ आणि मऊ उजेडात, वेल्विया खरी खुलते. एप्रिलमधल्या भर दुपारच्या उन्हात कोणतीही स्लाइड घालू नका, तिथला उजेड-सावलीचा फरक तिला पेलत नाही. शटर बराच वेळ उघडं ठेवायच्या लांब एक्स्पोजरला प्रोव्हिया बरी, ती दोन मिनिटांपर्यंत दुरुस्तीशिवाय चालते. वेल्विया ५० ला चार सेकंदांपासूनच जास्त प्रकाशाची भरपाई लागते.

फ्रिजमधला रोल तासभर बाहेर ठेवून मगच डबी उघडा, नाहीतर दव धरतं. भरल्यावर रिवाइंडची खुंटी हलकेच ताणून घ्या. पुढची फ्रेम ओढताना ती खुंटी फिरली नाही तर फिल्म पुढच्या रिळाने धरलेलीच नाही. मागच्या दाराचा प्रकाश अडवणारा फोम हाताला चिकटत असेल तर आधी बदला.

लॅबला देताना पाकिटावर ‘ई-६’ (स्लाइड धुण्याची प्रक्रिया) ठळक लिहा आणि तोंडीही सांगा. निगेटिव्हच्या नेहमीच्या सी-४१ रसायनात गेली तर रंगीत निगेटिव्ह निघेल, स्लाइड नाही. निकाल स्कॅनवर ठरवू नका, कारण स्कॅनर आपोआप उजळ-गडद करून तुमच्या कॅमेऱ्याची चूक झाकतो. स्लाइड लाइट टेबलवर ठेवून भिंगातून पाहा आणि वहीतल्या नोंदीशी ताडा. दमट कोकणात काचेच्या माउंटमध्ये (स्लाइडच्या चौकटीत) ओल कोंडून बुरशी धरते. तिथे बिनकाचेचे माउंट आणि सिलिका जेल टाकलेला घट्ट डबा वापरा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करा.