मुलांना इंटरनेट शिकवताना पालक करतात त्या चुका टाळा

नाशिकमधील पालकसभांमध्ये मी इंटरनेट सुरक्षिततेविषयी बोलते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "मॅडम, कोणते ॲप टाकले म्हणजे काळजी मिटेल?" गूगल फॅमिली लिंकसारखी साधने लहान मुलांसाठी उपयोगी आहेत, किती वेळ मोबाइल वापरायचा आणि कोणते ॲप घ्यायचे, यावर त्यांनी मर्यादा घालता येते. परंतु अनोळखी माणसाला काय सांगू नये, हे कोणतेही ॲप मुलाला शिकवत नाही. ते शिकवायला वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच वाचवण्यासाठी पालक ॲप विचारतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुलाकडून काही चुकले की मोबाइल काढून घेणे. इंदिरानगरमधील सातवीतल्या एका मुलाला गेममधील ओळखीच्या कोणीतरी फुकट डायमंडचे, म्हणजे गेममधल्या आभासी चलनाचे, आमिष दाखवले आणि आईच्या मोबाइलवर आलेला व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड मागितला. मुलाने तो दिला आणि काही क्षणांत आईच्या मोबाइलवरचे व्हॉट्सॲप बंद होऊन तिचे खाते त्या माणसाच्या मोबाइलवर उघडले. ॲप बिघडले असेल, रात्री बघू, असे आईला वाटले. मुलाला मात्र आपण काय केले ते लगेच उमगले होते. तरीही तो गप्प राहिला, कारण महिनाभरापूर्वी अभ्यासाच्या वेळी गेम खेळल्याबद्दल वडिलांनी मोबाइल पंधरा दिवस कपाटात कुलूपबंद केला होता. संध्याकाळी दिंडोरीहून मावशीचा फोन आला, "पैसे पोचले ना गं?" आईच्या नावाने दवाखान्यासाठी मागितलेले ८,००० रुपये तिने दुपारीच पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर माझ्यासमोर बसला होता आणि पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने खरवडत होता. का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो खाली बघूनच म्हणाला, "सांगितलं असतं तर मोबाइल गेला असता."

मुलाने दुपारीच सांगितले असते, तर आईला आपल्या क्रमांकाने व्हॉट्सॲपमध्ये पुन्हा नोंदणी करून एसएमएसने आलेला नवा कोड टाकता आला असता आणि तो माणूस तत्काळ बाहेर पडला असता. त्या माणसाने खात्याला स्वतःचा टू-स्टेप पिन, म्हणजे कोडशिवाय लागणारा दुसरा गुप्त क्रमांक, लावून ठेवला असता, तर आईला खाते वापरायला सात दिवस थांबावे लागले असते, पण त्याचा शिरकाव तेव्हाच थांबला असता. नातेवाइकांना सावध करता आले असते, आणि पैसे गेलेच असते तरी १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर लगेच तक्रार करून ते पुढे वळते होण्याआधी रोखण्याची संधी मिळाली असती. म्हणून माझ्या घरी नियम आहे: जो स्वतःहून चूक सांगेल, त्याचा मोबाइल त्या कारणाने काढला जाणार नाही. शिवाय व्हॉट्सॲपमधील टू-स्टेप व्हेरिफिकेशन मी मुलांच्याच हाताने सुरू करून घेते. स्वतः केलेली गोष्ट त्यांच्या लक्षात राहते.

दुसरी चूक पालक स्वतःच शिकवतात. इन्स्टाग्रामसाठी किमान वय १३ आहे, म्हणून दहा वर्षांच्या मुलाचे जन्मवर्ष मागे ढकलून खाते उघडून दिले जाते. खात्यावर वय अठरा दिसले की अल्पवयीनांसाठीची संरक्षणे त्या मुलाला मिळत नाहीत. आणि खोटे लिहिले तरी चालते, हा पहिला धडा आईवडिलांकडूनच मिळतो. तीन वर्षे थांबायला सांगितले की पालक म्हणतात, "वर्गातल्या सगळ्यांकडे आहे." हे कारण मला कधीच पटलेले नाही.

आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे मुलाला एकदा स्वतःच्या मोबाइलवर दाखवावे. शाळेचा बॅज आणि रिक्षाचा क्रमांक दिसणारी छायाचित्रे पालकांनीही टाकू नयेत.

त्रास देणारे संदेश घाबरून पुसू नयेत. आधी क्रमांक आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मगच ब्लॉक करावे. मात्र मुलाचे अश्लील छायाचित्र फिरत असेल, तर सल्ल्यासाठीसुद्धा ते कोणाला पुढे पाठवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार असे चित्र पाठवणे हाच गुन्हा आहे. अशा वेळी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

आपले मूल नेहमी फसवले जाणारेच असते, असे समजणे हीदेखील चूकच आहे. वर्गमैत्रिणीच्या छायाचित्राचे स्टिकर करून ग्रुपवर फिरवणारी मुले चांगल्या घरांतलीच असतात. असे घडले तर पालकांनी मुलाच्या वतीने माफी मागून प्रकरण मिटवण्याची घाई करू नये. मुलाने ग्रुपमधून ते स्टिकर स्वतः काढावे, ज्यांना पाठवले त्यांना पुसायला सांगावे आणि त्या मुलीच्या घरी पालकांसोबत जाऊन, तिची तयारी असेल तर, तिच्यासमोर माफी मागावी.