जुनं फ्लॅश नव्या विंडोजवर चालवताय? या चुका टाळा

मॅक्रोमीडिया फ्लॅश ८ हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर आलं २००५ साली. आज विंडोज ११ वरही ते बऱ्यापैकी चालतं, आणि ज्यांचा हात त्या ब्रशवर बसलाय त्यांनी ते खुशाल वापरावं. पण अडलेल्यांच्या मदतीला गेलं की तेच ते घोळ दिसतात. बहुतेक सगळे घाईतून झालेले असतात. प्रोग्राम उघडला नाही की कारण शोधायच्या आधीच दिसेल त्या चौकटीत टिक करायची, ही सवय पहिल्यांदा मोडा.

काहीही बिघडलं की "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर"

प्रोग्राम पूर्ण हक्कांनिशी चालवायचा हा सल्ला जो तो देतो आणि माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे.

ओळखीतल्या एकाकडे लहान मुलांच्या गोष्टींचं काम चालू होतं. जुन्या कॉम्प्युटरवरून त्याने कामाचा अख्खा फोल्डर उचलला आणि नव्या मशीनवर प्रोग्राम फाइल्समध्ये, फ्लॅशच्याच फोल्डरात ठेवला. काम रोज व्हायचं, सेव्हही व्हायचं. मग पेन अडकतं म्हणून कुणीतरी त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची टिक करायला सांगितली. त्यानंतर फाइल उघडली तर आत पहिल्या दिवशीची चित्रं! मधलं सगळं काम गायब. मी पोचलो तेव्हा गडी पुन्हा पहिल्या फ्रेमपासून चित्रं काढायला बसला होता.

काम गेलं नव्हतं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज साध्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण जुन्या ३२-बिट प्रोग्रामला नकार दिला तर तो कोलमडेल, म्हणून त्याने सेव्ह केलेलं गुपचूप दुसरीकडे ठेवलं जातं. सी ड्राइव्ह, युझर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, अ‍ॅपडेटा, लोकल आणि त्यात व्हर्च्युअलस्टोअर, अशी ती वाट. फ्लॅशला ती नवी प्रत दिसते, फाइल एक्सप्लोररला मूळ जुनीच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की ही सोय बंद होते आणि फ्लॅशलाही जुनीच फाइल दिसते. आम्ही लपलेले फोल्डर दिसतील अशी सेटिंग केली, व्हर्च्युअलस्टोअर उघडलं, सगळ्या फायली जशाच्या तशा मिळाल्या. मधल्या काळात कुणी जागा मोकळी करायला अ‍ॅपडेटा पुसला असता तर मात्र काही हाती लागलं नसतं.

माझी पद्धत साधी आहे. काम डी ड्राइव्हवर, वेगळ्या फोल्डरात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फक्त इन्स्टॉल करताना, नंतर नाही. तो चालू असला की एक्सप्लोररमधून चित्र ओढून फ्लॅशमध्ये टाकता येत नाही आणि नेटवर्क ड्राइव्हही बऱ्याचदा दिसेनासा होतो. मग लोक त्यावर वेगळे उपाय शोधत बसतात.

मूळ फाइल नव्या आवृत्तीत उघडून तिथेच सेव्ह करणं

अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट हे फ्लॅशचं नवं रूप जुनी एफएलए (फ्लॅशची मूळ फाइल) उघडतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. एकदा कंट्रोल-एस दाबलं की फाइलचा साचाच बदलतो. फ्लॅशच्या सीएस४ आवृत्तीपर्यंतची एफएलए एका बायनरी साच्यात असायची. २०१० च्या सीएस५ पासून ती आतून झिप झाली. अशी फाइल फ्लॅश ८ पुन्हा उघडत नाही. शिवाय अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ या फ्लॅशच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची साथ सीएस६ पर्यंतच होती. २०१३ च्या सीसी आवृत्तीपासून ती काढून टाकली. म्हणजे जुनी बटणं आणि खेळ तिथे मुके होतात. चित्रं दिसतात म्हणून हे लगेच लक्षातही येत नाही.

मूळ फायलींचा फोल्डर रीड-ओन्ली करा, एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा आणि प्रयोग तिसऱ्या प्रतीवर करा. एवढा धीर नसेल तर दुसऱ्याच्या जुन्या कामाला हात लावू नका.

मराठी अक्षरांची खिचडी झाली की पुन्हा टाइप करणं

त्या काळातला मराठी मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट मशीनवर नसला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मजकूर शाबूत असतो. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लावून काही होत नाही. जुन्या मशीनवरून तोच फॉन्ट आणा, इन्स्टॉल करा आणि फाइल पुन्हा उघडा. मग एका प्रतीत मजकूर निवडून कंट्रोल-बी दोनदा दाबा. अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्टची गरज संपते. शुद्धलेखन आधी तपासा, नंतर दुरुस्ती करता येत नाही.

फोल्डरांना मराठी नावंही देऊ नका. मला मराठी नावं आवडतात, पण जुन्या अनेक प्रोग्रामांना युनिकोड वाचता येत नाही आणि फाइल सापडत नसल्याचा निरोप येतो.

बाकीचं थोडक्यात

पेनचा दाब लागत नसेल तर टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये विंडोज इंक (विंडोजची स्वतःची पेनची सोय) बंद करून फ्लॅश पुन्हा सुरू करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मोठ्या स्क्रीनवर बटणं मुंगीएवढी दिसतात? फ्लॅशच्या आयकॉनवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग, तिथे "सिस्टम" निवडा. त्याच खिडकीतल्या बाकीच्या टिका एका वेळी एकच करून बघा.

व्हिडिओच्या .mov फायलींसाठी क्विकटाइम टाकू नका. विंडोजसाठीची त्याची साथ अ‍ॅपलने २०१६ मध्ये सोडली, त्यातली सुरक्षेची भोकं तशीच आहेत. पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र, काढा आणि एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये जोडा.

रॅम वाढवून फ्लॅश ८ चं क्रॅश होणं थांबत नाही. ३२-बिट प्रोग्राम साधारण २ जीबीच वापरतो. फाइलमधली लायब्ररी (साठवलेली चित्रं-आवाज) हलकी करा, सीन वेगळ्या फायलींत तोडा.

ब्राउझरमध्ये काही दिसत नाही म्हणून फाइल खराब समजू नका. ब्राउझरमध्ये फ्लॅश दाखवणारा फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० ला संपला. कंट्रोल-एंटरने फ्लॅशच्या आतच बघा.

त्याहून जुन्या, विंडोज ९५ च्या काळातल्या सॉफ्टवेअरचा सेटअप १६-बिट असला तर विंडोज ११ वर तो सहसा चालत नाही, कुठलीही टिक करा. डॉसवरच्या अ‍ॅनिमेटरसाठी डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स आहे. विंडोजवाल्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) विंडोज एक्सपी बसवा, प्रोग्राम नीट चालला की लगेच स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या, आणि त्या एक्सपीचं इंटरनेट कायमचं बंद ठेवा. त्याचे नियमित सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबले.