एक बाटली सपक, दुसरी उतू जाणारी: घरच्या बिअरचा फेस

एकाच बॅचमधली एक बाटली सपक, तर दुसरी झाकण काढताच उतू जाणारी. झाकणं बदलली, यीस्ट बदललं, फरक शून्य. अक्षरशः वैताग! कारण निघालं फेसासाठी बाटलीगणिक चमच्याने घातलेली साखर (यीस्ट ती खाऊन बाटलीत वायू करतं), जी कधीच सारखी पडत नाही.

जमलं ते असं. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजणारं साधन) रीडिंग दोन-तीन दिवस हलेना, म्हणजे आंबणं संपलं, तेव्हाच बाटल्या भरायला घेतल्या. लिटरला 6 ग्रॅम, म्हणजे 20 लिटरला 120 ग्रॅम साखर काट्यावर तोलली, थोड्या पाण्यात उकळून गार केली. हा पाक निर्जंतुक बादलीत आधी ओतला, त्यावर सायफनने, म्हणजे वरच्या भांड्यातून नळीने, बिअर सोडली. नळीचं तोंड तळाशी, कडेला वळवून. बिअर गोल फिरत चढते आणि पाक मिसळत जातो. तरी एकदा हलकेच ढवळलं, बुडबुडे न काढता (हवा शिरली की चव पुठ्ठ्यासारखी). झाकणं लावून 20 अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवलं. फेस सगळीकडे सारखा.