रेडिएटरला बोअरचं पाणी नको

अल्टो, वॅगनआरसारख्या साध्या गाड्या खेड्यातही वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना मारतं ते अनेकदा पाणी. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. ते रेडिएटरमध्ये ओतलं की ॲल्युमिनियम गंजतं, बारीक नळ्यांत क्षार साचतात, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की इंजिन तापतं. एकदा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) उडालं की स्वस्त गाडीचा स्वस्तपणा संपला.

म्हणून तयार मिश्रणाचा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घ्या, नाहीतर घट्ट कूलंट आणून त्यात मॅन्युअलमधल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बॅटरीत घालतात तेच ते, तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. एक कॅन डिकीत असू द्या. कूलंटच्या टाकीतली पातळी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. ती मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये हवी. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने हात भाजतो. पातळी सारखी उतरत असेल तर नुसतं भरत बसू नका, गळती शोधा.

जुनी गाडी घेताना तर हे आधी बघावं, रंग-सीटकव्हर नंतर. टाकीतलं पाणी तांबूस गढूळ असेल तर साधं पाणी चाललंय असं समजा. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी जात असू शकतं; मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका, मालक कितीही ओळखीचा असो.