टर्बो पेट्रोल गाडी: या चुका टाळा

सीसीचा आणि अश्वशक्तीचा आकडा शेजारी ठेवून लोक गाडी ठरवतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. वॅगन आरमधलं 998 सीसीचं साधं, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन साधारण 67 अश्वशक्ती आणि 89 न्यूटन मीटर टॉर्क (गाडी ओढण्याचा जोर) देतं. मारुतीच्याच फ्राँक्सचं टर्बो इंजिनही 998 सीसीचंच, तीनच सिलिंडरचं. पण ते 100 अश्वशक्ती आणि 148 न्यूटन मीटरपर्यंत जातं. टर्बो सिलिंडरमध्ये जास्तीची हवा दाबून भरतो, त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोलही जास्त जळतं. इंजिन मात्र एक लिटरचंच राहतं.

आणि ही हवा कायम मिळत नाही. टर्बोचा पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो. इंजिनाचे फेरे (आरपीएम) कमी पडले की वायू कमी, मग दाबही नाही. फ्राँक्सचा पूर्ण टॉर्क मिनिटाला 2000 ते 4500 फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. ब्रोशरमध्ये हे छापलेलं असतं, पण वाचतो कोण!

माझ्या पुतण्याने अशीच एक लिटरची टर्बो गाडी घेतली आणि महिन्याभरात तक्रार सुरू: "काका, घाटात दमच नाही. रिमॅप करून घेतो." रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवणं. त्याच्या शेजारी बसून कुंभार्ली घाट चढलो. गाडीत पाच माणसं, तिसरा गिअर, फेऱ्यांचा काटा 1300 वर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि गाडी थरथरतेय. म्हटलं, दुसरा टाक. "ॲव्हरेज मरेल ना, काका!" शेवटी टाकला. काटा 2500 च्या आसपास गेला आणि तीच गाडी तोच चढ न कुरकुरता ओढू लागली.

तरीही त्याने रिमॅप केलंच. काही आठवड्यांतच क्लच घसरायला लागला, घाटात जळका वास. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, सगळं नवीन. कंपनीने क्लच मूळ टॉर्क धरून बसवलेला असतो. संगणकातून दाब वाढवला म्हणून तो मजबूत होत नाही. गाडी शिकून घ्यायला दोन महिने द्यायचे नाहीत आणि दोन तासांत ताकद विकत आणायची, या घाईचा मला मनापासून राग येतो.

कमी फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. मी वळण येण्याआधीच गिअर उतरवतो आणि चढावर काटा 2000 च्या खाली जाऊ देत नाही.

ऑइलमध्ये काटकसर नको. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. कंपनीने सांगितलेलाच ग्रेड घालतो आणि तिने दिलेल्या मुदतीच्या बराच आधी बदलतो.

घाट चढून थांबल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा.

लडाखला जाताना "टर्बो नको, मोठं साधं इंजिन घे" असा सल्ला देणारे भेटतात. लेह सुमारे 3500 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब जवळपास एक तृतीयांश कमी. साधं इंजिन त्याच प्रमाणात ताकद गमावतं. टर्बो त्यातली बरीच भरून काढतो.

आणि पिकअप अचानक गेला, शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर लगेच "टर्बो गेला" म्हणून हजारो रुपये मोजू नका. आधी इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज आणि त्यांचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. टर्बो खरंच गेला असेल, तर नवा बसवण्याआधी त्याची ऑइल लाइन काढून साफ करायला लावा. ती चोंदलेली राहिली तर नवाही टिकत नाही.