दाभोळ ते गोवळकोट होडीने : या चुका टाळा

वाशिष्ठीच्या खाडीतून होडीने चिपळूणकडे जायचं ठरवणारी मंडळी पहिली चूक घरीच करतात. रविवार बघतात, तिथी बघत नाहीत. दुसरी चूक होते ती गाळ काढल्याच्या बातम्या वाचून.

हा कोकणातल्या जुन्या जलमार्गांपैकी एक. दाभोळ बंदरात गलबतं लागायची, माल भरतीच्या पाण्यावर आत चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत यायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. पुढे रस्ते झाले, धक्के ओस पडले, पात्र गाळाने भरत गेलं. २०१६ च्या कायद्याने दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून ४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ जाहीर झाला. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळही निघू लागला. त्यामुळे अनेकांना वाटतं, आता दाभोळपासून वरपर्यंत पाणी मोकळं आहे. पण हा उपसा पुराचं पाणी शहरातून लवकर निघून जावं म्हणून होता, होड्या चालाव्यात म्हणून नव्हे. खालच्या खाडीत गाळाचे उंचवटे आहेतच, आणि पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. मागच्या हंगामातला मार्ग फोनमध्ये जपून ठेवला असेल, तर त्यावर विसंबू नका.

तिथी आधी, सुट्टी नंतर

किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीच्या वेळेचा अदमास मिळतो. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी, पण तक्ताही समुद्राच्या तोंडाचा असतो. आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते. दाभोळला पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा वर अजून चढत असतं. हे ध्यानात न घेतल्याने माणसं मधल्याच एखाद्या वळणावर थांबतात, आणि बाकीची वाट ओहोटीशी भांडत जाते.

माझं मत विचाराल तर हिवाळ्यातली त्रयोदशी किंवा चतुर्दशी धरा. उजाडताच दाभोळहून निघालं की भरती पाठीशी असते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, अजून यायचं असतं, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं पाणी आजच्याहून चढं. होडी कुठे बसलीच तर सुटायची आशा असते.

याच्या उलट, उधाण ओसरायला लागल्यावर ऐन भरतीच्या माथ्यावर उथळात शिरलात आणि रुतलात, तर पुढची भरती तिथवर पोहोचेलच असं नाही. होडी पंधरवडाभर चिखलात बसू शकते.

निघताना तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, काय विचारता यालाही महत्त्व आहे. ‘‘काका, गोवळकोटला किती वाजता पोचू?’’ असं विचारलंत तर तुमचं मन राखायला ते काहीतरी वेळ सांगतील. ‘‘काका, पाणी कुठवर, किती वाजेपर्यंत चढतंय?’’ असं विचारा. मग खरं उत्तर मिळतं.

होडी रुतली तर

चुकीचा उपाय सगळ्यांना आधी सुचतो : इंजिनाचा जोर वाढवणे. त्याने पंखा गाळ उपसतो, होडी आणखी बसते आणि चिखल इंजिनात ओढला जातो. इंजिन बंद करून वर उचला. सगळे एका अंगाला सरका, म्हणजे तळ थोडा सुटतो. मग बांबूने आल्या वाटेनेच मागे रेटा. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत व्हायला हवं, कारण ओहोटीचं पाणी मधल्या दोन तासांत सर्वांत वेगाने उतरतं. भरतीनंतर तासाभराने रुतलेली होडी पुन्हा तरंगायला साधारण साडेदहा तास लागतात. तेवढं प्यायचं पाणी आणि डोक्यावर सावली होडीत हवीच.

ढकलायला खाली उतरू नका. पाय मांडीपर्यंत जातो, कालवांच्या शिंपा पाऊल चिरतात आणि याच चिखलावर मगरी ऊन खात पडतात. परचुरी, मालदोलीकडे लोक मुद्दाम त्या बघायला येतात, पण फोटोसाठी होडी काठाला भिडवणं धोक्याचं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा तर लांबूनच बघा.

मुळात रुतायचं नसेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाने चला, पाणी तिथे खोल असतं. आतल्या अंगाला गाळ साचतो. आणि काठच्या कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांकडे लक्ष ठेवा. पाण्याच्या वर वीतभर ओली, चकचकीत रेघ दिसली की पाणी उतरू लागलंय. मुळं पाण्याला टेकेपर्यंत कोरडी असतील तर अजून चढतंय.

वरच्या पट्ट्यात मात्र हीसुद्धा खूण फसवते. कोयनेची वीज तयार झाल्यावरचं अवजल कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येतं. विजेची मागणी वाढली की ते वाढतं. ओहोटी असूनही चिपळूणजवळ पाणी चढलेलं दिसेल, नाहीतर भरती असून अपेक्षेपेक्षा कमी. होडी धक्क्याला बांधून गोवळकोटचा किल्ला गोविंदगड बघायला जाणार असाल तर दोर लांब सोडा आणि एक माणूस खाली ठेवा.

वारा आणि फाटे

सकाळचे मतलई वारे शांत असतात. दुपारी खारे वारे सुरू झाले, की खालच्या रुंद खाडीत ओहोटीचं पाणी एकीकडे आणि वारा त्याच्या विरुद्ध, अशा लाटा उठतात की लहान होडीत पाणी येतं. जेवून निवांत परत फिरू, हा बेत इथेच फसतो. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. जगबुडी नदी जिथे वाशिष्ठीला मिळते तिथे भरती दोन्ही पात्रांत शिरते, म्हणून नुसतं प्रवाहाबरोबर गेल्यास खेडच्या दिशेला लागाल.

इंजिन आणि जाळी

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार अधूनमधून बघत राहा. ती थांबली म्हणजे थंड करणारं पाणी फिरत नाही. ताबडतोब बंद करून पाणी घेण्याच्या जाळीतला चिखल काढा. इंजिन जोरात फिरतंय पण होडी हलत नाही, तर बहुधा पंख्याची पिन तुटलीय. जादा पिन आणि पक्कड बरोबर हवी.

थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की तिथे जाळं आहे. ओळीच्या टोकाला वळसा घाला. पंख्यात जाळं गुंतलंच तर इंजिन बंद करून हाताने सोडवा, सुरी शेवटी. इथले मच्छीमार बहुतेक भोई समाजाचे. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी घटली, हे ते कित्येक वर्षं ओरडून सांगताहेत. अशात त्यांचं जाळं कापून निघून जाणं हा अन्याय आहे. जवळच्या वाडीत होडी लावा, जाळं कुणाचं ते विचारा आणि भरपाई देऊन मगच पुढे जा.