जुन्या मसल कारचं इंजिन जन्मापासूनचं आहे का, हे तपासायचं कसं

जुन्या मसल कारच्या (साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांच्या) जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’ लिहिलेलं दिसलं की विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, कुठले नंबर आणि कशाशी मॅच. कारण या दोन शब्दांचा अर्थ माणसागणिक बदलतो. एकाचं म्हणणं असतं की ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर, याच गाडीचा नंबर ठोकलेला आहे, दुसऱ्याचं म्हणणं असतं की ब्लॉक त्याच वर्षाचा आहे आणि तारखा जुळतात (याला ‘डेट कोड करेक्ट’ म्हणतात, ही वेगळी गोष्ट आहे), आणि तिसरा तर ४५४ क्युबिक इंचाच्या इंजिनाच्या जागी ४५४ च बसलंय एवढ्यावरच मॅचिंग म्हणून मोकळा होतो. खरे पैसे पहिल्याचेच. आणि दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या, रंग तोच, टायर तेच, आवाज तोच, तरी इंजिन जन्माचं की नंतर बसवलेलं यावर किंमतीत हजारो डॉलर्सचा फरक पडतो, म्हणून तर इथे खोटेपणा एवढा चालतो.

मी मिशिगनमधे राहतो, इथे ऑगस्टमधे वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा) गेलं की बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघून वेड लागतं, तिथूनच मला हा नाद लागला. इथे मुख्यतः १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४ चं उदाहरण घेऊन सांगतो कारण मला तीच सगळ्यात जास्त माहीत आहे आणि तिच्या नकलाही भरपूर. त्या वर्षी ४५४ दोन प्रकारात यायचं, एलएस५ म्हणजे ३६० हॉर्सपॉवर आणि एलएस६ म्हणजे ४५० हॉर्सपॉवर. बाहेरून गाडी तीच. एलएस६ ला जे भाव मिळतात ते एलएस५ ला नाहीत, आणि साध्या मालिबूला (शेव्हेलचंच नेहमीचं मॉडेल) एसएसचे बॅज लावून केलेल्या क्लोनला तर अजिबात नाहीत.

आता अडचण काय आहे बघा. शेव्हेलच्या १९७० च्या व्हीआयएनमधून, म्हणजे गाडीच्या ओळखक्रमांकातून, इंजिन कळतच नाही. व्हीआयएन १३६३७०बी असा सुरू होत असेल तर १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही८ वाली मालिबू, ३७ म्हणजे स्पोर्ट कूप, ० म्हणजे १९७० आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना, पुढे सहा आकडे गाडीचा क्रमांक. बस्स, एवढंच. ती साधी ३०७ ची मालिबू होती की एलएस६ होती हे यात कुठेच नाही, कारण एसएस हे त्या वर्षी ऑप्शन पॅकेज होतं. त्यामुळे ‘व्हीआयएन चेक केला, ओरिजनल एसएस आहे’ असं १९७० च्या गाडीबद्दल कोणी सांगितलं तर त्या माणसाला एकतर माहीत नाही किंवा तो तुम्हाला फसवतोय.

फोर्ड आणि क्रायस्लरच्या लोकांचं या बाबतीत बरंय, त्यांच्या त्या काळच्या व्हीआयएनमधे पाचवं अक्षर इंजिनचं असतं. १९७० च्या प्लिमथ किंवा डॉजमधे पाचवं अक्षर आर असेल तर ४२६ हेमी इंजिन, व्ही असेल तर तीन कार्बोरेटरवालं ४४० सिक्स पॅक. मस्टँगमधे झेड म्हणजे बॉस ४२९. म्हणजे ती गाडी हेमी घेऊन बाहेर पडली एवढं तरी पक्कं कळतं, पण आत्ता बसलेलं हेमी तेच का, हा प्रश्न तिथेही उरतोच.

गाडी बघायला जायच्या आधी कागद मागा, फोनवरच. फोर्ड असेल तर १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो, तो कंपनीच्याच प्रॉडक्शन डेटावरून बनतो. पॉन्टियाक असेल, जीटीओ वगैरे, तर पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ नोंदी मिळतात आणि गाडी कुठल्या इंजिनची होती हे तिथेच स्पष्ट होतं. शेव्हरोलेला असं काही नाही, फक्त जी गाडी नवी असताना कॅनडात विकली गेली तिची माहिती जीएम कॅनडाकडून (जीएम म्हणजे शेव्हरोलेची मूळ कंपनी) मिळते. बाकी सगळं नशिबावर, म्हणजे बिल्ड शीट (कारखान्यात गाडी जोडताना वापरलेला तपशिलाचा कागद) सापडली तर. ती पेट्रोलच्या टाकीच्या वर चिकटलेली किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगमधे अडकलेली असते. सापडली की आधी तिच्यावरचा गाडीचा क्रमांक बघा, कारण असेंब्ली लाइनवर एकाची शीट दुसऱ्याच्या गाडीत राहिल्याची उदाहरणं आहेत. दुसरी चीज म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, वॉरंटीच्या पुस्तिकेला लावलेली छोटी धातूची पट्टी, तिच्यावर उलटी अक्षरं उठवलेली असतात म्हणजे डीलरला कागदावर छाप घेता यावा, आणि तिच्यात इंजिनचा कोड असतो. पण एक लक्षात ठेवा, कागद जुना दाखवायला चहाचं पाणी पुरतं आणि पट्टी नवी बनवून देणारेही आहेत. म्हणून ही कागदपत्रं मूळ कुटुंबाकडून आली की मागच्याच वर्षी ‘सापडली’, हे नक्की विचारा.

आता मुख्य काम, ब्लॉक. शेव्हरोलेच्या व्ही८ मधे पॅसेंजरच्या बाजूला सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. १९६९ पासून आल्टरनेटर त्याच बाजूला आल्यामुळे पॅड त्याच्या मागे लपतो, सरळ उभं राहून दिसत नाही, छोटा आरसा आणि टॉर्च न्या. आधी पॅड साफ करायचा, पण ब्रेक क्लीनर आणि मऊ कापडाने. पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडर यातलं काहीही लावायचं नाही आणि विकणारा लावायला लागला तर हात धरा त्याचा, कारण जे वाचायचंय तेच तो पुसून टाकेल.

पॅडवर दोन वेगवेगळे शिक्के असतात. एक इंजिनच्या कारखान्यातला, उदाहरणार्थ टी०३२०सीआरव्ही. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा कारखाना, ०३२० म्हणजे २० मार्च, आणि सीआरव्ही हा एलएस६ चा मॅन्युअल गिअरबॉक्सवाला कोड, ऑटोमॅटिक असेल तर सीआरआर. दुसरा शिक्का गाडीच्या कारखान्यात मारलेला, म्हणजे आपल्या उदाहरणात १०बी आणि पुढे तेच सहा आकडे जे व्हीआयएनच्या शेवटी आहेत. हा दुसराच शिक्का म्हणजे इंजिनचा जन्मदाखला. हे दोन शिक्के वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या ठशांनी मारलेत, त्यामुळे दोन्हींचा फॉन्ट, खोली आणि ओळ एकसारखी असायचं काही कारणच नाही. दोन्ही एकाच हाताने, एकाच खोलीवर, पट्टी लावल्यासारखे सरळ दिसले तर थांबा. खरे शिक्के पुष्कळदा वाकडे असतात, एका बाजूला उथळ, कधी दोनदा बसलेले. लाइनवरच्या कामगाराला पन्नास वर्षांनी कोणी भिंग घेऊन बघणार आहे हे थोडंच माहीत होतं.

आणि आकड्यांपेक्षाही जास्त बघायचं ते आकड्यांखालचं लोखंड. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोच मशीनने कापला जायचा, त्यामुळे त्याच्यावर केसासारख्या बारीक समांतर रेषा राहतात, इंजिनच्या पुढून मागे जाणाऱ्या. इंजिन पुढे कधी मशीन शॉपमधे गेलं आणि ब्लॉकचा माथा फिरत्या कटरने सपाट केला तर त्या रेषा जातात, सोबत शिक्केही जातात, आणि राहतात गोल गोल कमानीसारख्या खुणा. आता सांगा, पॅडवर गोल खुणा आहेत आणि त्यांच्यावर शिक्का ठसठशीत आहे, तर तो शिक्का १९७० मधे मारला असेल का? नाही ना. त्याला रीस्टॅम्प म्हणतात. टॉर्च पॅडवर सरळ मारू नका, अगदी आडवा धरा, पॅडला चिकटवूनच, म्हणजे प्रत्येक रेषेची सावली पडते आणि मग फोटो काढा, दहा-पंधरा काढा.

मी स्वतः यात पोळलोय. काही वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातल्या एका डीलरकडे लाल शेव्हेल बघितली, एलएस६, चार गिअर, पॅडवर सीआरव्ही एकदम स्वच्छ, व्हीआयएनचे आकडे जुळतायत, मी तिथल्या तिथे बयाणा दिला. घरी येऊन फोटो मोठे करून बघितले तर आकड्यांच्या मधून कमानी. परत गेलो आणि या वेळी साताऱ्याला आरटीओमधे बाबांच्या स्कूटरचा चेसिस नंबर जसा कागदावर घेतला होता ना, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवून, तसाच पॅडचा छाप घेतला. कागदावर आकडे आले आणि त्यांच्या मागे हलक्या गोल रेषाही आल्या, सरळ रेषा एकही नाही. डीलर म्हणाला की इंजिन रीबिल्ड झालंय म्हणून तसं दिसतंय. रीबिल्डमधे नंबर जातात, येत नाहीत! बयाणा परत मिळाला नाही. तो कागद मी अजून ठेवलाय आणि आता कुठलीही गाडी बघायला जाताना पातळ कागद आणि मऊ पेन्सिल माझ्या खिशात असतेच.

पॅड बघून झाला की तारखांची साखळी लावा. ब्लॉक ओतला त्या दिवसाची तारीख ब्लॉकवरच उठवलेली असते, बिग ब्लॉकमधे (४५४ सारख्या मोठ्या इंजिनात) पॅसेंजरच्या बाजूला स्टार्टरच्या जवळपास, आधी महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं एलपर्यंत), मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी ५ ० म्हणजे ५ मार्च १९७०. मग इंजिन जोडल्याची तारीख पॅडवर, २० मार्च. मग गाडीची तारीख ट्रिम टॅगवर (बॉडीवरची छोटी धातूची पट्टी), ०४बी म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. क्रम हाच पाहिजे, आधी ओतकाम, मग इंजिन, मग गाडी, आणि मधे काही दिवस ते काही आठवडे. ब्लॉक जर गाडीनंतर ओतलेला निघाला तर पुढे बोलायलाच नको. तसंच सहा-आठ महिन्यांचं अंतर असेल तर कारण विचारा. वर्षाचा एकच आकडा असतो हे पण विसरू नका, ० म्हणजे १९८० सुद्धा असू शकतं, म्हणून कास्टिंग नंबरसोबतच (ब्लॉकवर उठवलेला साच्याचा नंबर) वाचायचं.

कास्टिंग नंबरवर मात्र फार भाळू नका. ३९६३५१२ हा नंबर दिसला की लोक एलएस६ चा ब्लॉक म्हणून नाचतात, पण तोच नंबर एलएस५ वरही असतो. तो साचा कुठला एवढंच सांगतो. आणि ही उठावाची अक्षरं घासून दुसरी चिकटवणारेही आहेत, म्हणून अक्षरांच्या भोवतीची कातडी बघा, वाळूच्या साच्यातून आलेल्या लोखंडाचा खरखरीतपणा अक्षरावर आणि बाजूला सारखाच हवा. अक्षराभोवती गुळगुळीत पट्टा दिसला तर नखाने खरवडून बघा.

गिअरबॉक्सवरही व्हीआयएनचा भाग ठोकलेला असतो, तोही गाडीखाली जाऊन वाचा. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीवर तोच क्रमांक आणि दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारचा ठसा, हे खोट्याला जमवणं जड जातं. डॅशबोर्डवरच्या व्हीआयएनच्या पट्टीचे रिव्हेट बघा, फुलासारखे पाकळ्यांचे असतात, छेडलेले दिसले तर तो इंजिनचा नाही, गाडीच्याच ओळखीचा प्रश्न झाला, तिथून सरळ निघा.

१९६८ च्या आधीची गाडी असेल तर समजून घ्या की त्या काळच्या बहुतेक शेव्हेलच्या ब्लॉकवर व्हीआयएन ठोकलेलाच नसायचा. मग १९६६ ची एसएस ३९६ कोणी ‘सिद्ध नंबर्स मॅचिंग’ म्हणून विकत असेल तर तो जास्तीत जास्त कोड आणि तारखा जुळतात एवढंच दाखवू शकतो. त्यात वाईट काही नाही, फक्त शब्द बरोबर वापरा आणि तेवढेच पैसे द्या.

पॅडवर सीई अशी सुरुवात दिसली तर घाबरू नका. तो वॉरंटीत कंपनीने बदलून दिलेला ब्लॉक. या गाड्या नव्या असतानाच लोकांनी ड्रॅग स्ट्रिपवर बेदम पळवल्या, इंजिनं फुटली, डीलरने बदलून दिली. १९६९ मधे अॅल्युमिनियमच्या ४२७ वाल्या झेडएल१ कॅमॅरो फक्त ६९ बनल्या आणि त्यातल्याही कित्येकांचं इंजिन रेसिंगमधेच गेलं. सीई ब्लॉकची गाडी जन्माच्या इंजिनाची नाही हे खरं, पण तिचा इतिहास प्रामाणिक आहे, आणि रीस्टॅम्प केलेल्या ‘परफेक्ट’ गाडीपेक्षा मी तीच घेईन, सोबत जुनं वॉरंटीचं बिल असेल तर डोळे मिटून.

आणि तुमच्याकडे खरंच जन्माचं इंजिन असेल आणि ते रीबिल्डला देणार असाल तर देण्याआधी पॅडचे आडव्या उजेडातले फोटो आणि पेन्सिलचा छाप घ्या, तारीख टाकून ठेवा. मग मशीनिस्टला तोंडी नाही, कामाच्या कागदावर लिहून द्या की डेक (ब्लॉकचा माथा) कापताना कटर पॅडच्या आधी थांबवायचा. चांगला मशीनिस्ट ते करतो, थोडा वेळ जास्त घेईल. ब्लॉक हॉट टँकमधे (साफ करायच्या गरम रसायनाच्या टाकीत) जाण्यापूर्वी पॅडवर जाड टेप लावून त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा, टँकमधे टेप निघते म्हणून बाहेर आल्यावर मशीनवर चढवायच्या आधी परत जाऊन दुसरी लावा. मी माझ्या ब्लॉकच्या वेळी दोनदा गेलो होतो.